‘हेलबॉय’चा शेवटचा खंड: वीस वर्षं ज्याची भीती घातली तो प्रलय गेला कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. एका वाचकाने लेखक-चित्रकार माइक मिग्नोलाची ‘हेलबॉय’ ही कॉमिक्स मालिका पहिल्या खंडापासून क्रमाने वाचून काढली आणि ‘हेलबॉय इन हेल’च्या दुसऱ्या, शेवटच्या खंडापाशी, म्हणजे ‘द डेथ कार्ड’पाशी, ते अडले. त्यांचं म्हणणं: “पहिल्या पुस्तकापासून हा जगाचा नाश करणार असं बजावून सांगितलं. शेवटच्या खंडात मात्र सुट्या सुट्या गोष्टी, मग घाईघाईत उरकलेली एक लढाई आणि शेवटी शब्द नसलेली पानं. लेखक कंटाळला का? की मलाच काही कळलं नाही? आणि आता ‘बी.पी.आर.डी.’ ही जोडमालिका वाचायची की नाही?”

(पुढे सगळ्या कथेचा उलगडा आहे. वाचायचं शिल्लक असेल तर इथेच थांबा.)

आधी सरळ उत्तर. मालिका अर्धवट सोडलेली नाही, ठरवून संपवलेली आहे. तुम्हाला हवा असलेला प्रलय दुसऱ्या पुस्तकात आहे, त्याबद्दल खाली लिहितो. आणि जो शेवट तुमच्या हातात आहे तो कथानकात शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण तो चित्रांमध्ये ठेवलाय. मी स्वतः कॉमिक्स काढतो, शाई लावण्याचं काम वर्षानुवर्षं करतोय आणि विद्यार्थ्यांना पानाची मांडणी शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर पानांकडून कथेकडे जाणार. कथेवर चर्चा करणारे पुष्कळ आहेत.

तुमची तक्रार मुळात चुकीची नाही, कारण वचन दिलं गेलं होतंच. २३ डिसेंबर १९४४ च्या रात्री स्कॉटलंडजवळच्या एका बेटावर रास्पुतीन नाझींसाठी विधी करतो, आणि प्रकट होतो तो दूर इंग्लंडमध्ये ईस्ट ब्रॉमविचच्या पडक्या चर्चमध्ये: लाल कातडीचं, शेपटीचं, उजवा हात दगडाचा असलेलं एक पोर. अमेरिकन सैनिक आणि प्रोफेसर ब्रुटेनहोम त्याला वाढवतात, तो मोठा होऊन भुताखेतांचा बंदोबस्त करणाऱ्या सरकारी खात्यात नोकरी करतो. १९९४ साली आलेल्या ‘सीड ऑफ डिस्ट्रक्शन’मध्येच रास्पुतीन त्याला त्याचं काम सांगून टाकतो. तो दगडी हात म्हणजे किल्ली, तिने ओग्द्रु जहाद नावाचे सात राक्षसी सर्प मोकळे होणार आणि जग संपणार. पुढच्या प्रत्येक मोठ्या कथेत कोणी ना कोणी येऊन त्याला हेच ऐकवतं. त्याच्या डोक्यावर अग्नीचा मुकुट दिसतो, शिंगं उगवतात, तो ती मोडून टाकतो. नंतर कळतं की आईच्या बाजूने तो राजा आर्थरचा वंशज आहे, म्हणजे इंग्लंडच्या गादीवरही त्याचा हक्क. दोन सिंहासनं, दोन्ही नाकारलेली. २०११ च्या ‘द फ्युरी’मध्ये तो ड्रॅगन झालेल्या निम्युए या चेटकिणीशी लढून मरतो, तेही छातीतून काळीज उपटलं जाऊन. आणि मग नरकात पोचतो, जिथे पहिल्या दिवसापासून त्याची वाट बघितली जात होती.

इतकी तयारी झाल्यावर वाचकाला मोठा तमाशा हवा असणारच.

पण मिग्नोला मोठ्या घटनांशी कसा वागतो ते मालिकेत सुरुवातीपासून दिसतं. १९९९ ची ‘पॅनकेक्स’ ही दोन पानांची गोष्ट आठवा. साल १९४७, न्यू मेक्सिकोतला लष्करी तळ, छोटा हेलबॉय नाश्त्याला बसलाय आणि पॅनकेक खायला तयार नाही. एक अधिकारी त्याला एक घास चाखायला लावतो. पोर खातं, त्याला आवडतं. पान उलटण्याची वेळ येते न येते तोच खाली नरकात, पॅन्डेमोनियम या राजधानीत, आक्रोश सुरू होतो. पोराने पॅनकेक खाल्ला, आता तो आपल्याकडे कधीच परत येणार नाही! सगळे हसून पुढे जातात आणि मीही हसलो होतो. आता ‘हेलबॉय इन हेल’ वाचल्यावर ती पानं पुन्हा काढून बघा. जगाचं भवितव्य कधी ठरलं, तर एका पोराने नाश्ता केला तेव्हा. युद्धात नाही, भविष्यवाणीत नाही. मिग्नोलाच्या जगात निर्णायक गोष्ट नेहमी लहान चौकटीत घडते आणि आरडाओरडा करणारे भलतीकडेच असतात.

हीच रीत त्याने शेवटच्या दोन खंडांत टोकाला नेली. हेलबॉय नरकात पोचल्यावर पहिल्या काही अंकांत काय होतं ते बघा. सैतान झोपलेला आहे, युगानुयुगं. हेलबॉय त्याच्या समोर उभा राहतो, हातात सुरी दिली जाते. आणि मग आपल्याला उशिरा कळतं की सैतान मेला आणि तो हेलबॉयनेच मारला. त्याला स्वतःला ते आठवत नाही आणि वाचकानेही ते घडताना पाहिलेलं नाही. सैतानाचा वध! दुसरा कुठलाही चित्रकार यासाठी दुपानी चित्र राखून ठेवेल, मुखपृष्ठावर ओरडून सांगेल. इथे ती बातमी कानावर पडावी तशी येते. एडवर्ड ग्रे हा जुना जादूगार-गुप्तहेर तिथे वाटाड्या म्हणून भेटतो, तोच हेलबॉयला कितीतरी गोष्टी समजावून देतो. नरकातल्या भावांशी, बापाशी भेटही अशीच आटोपशीर.

म्हणजे दहाव्या अंकातली लढाई तुम्हाला उरकल्यासारखी वाटली ती बेफिकिरीने नाही. पॅन्डेमोनियम कोसळतं, जुनी सरदारमंडळी संपतात, आणि त्या सगळ्याला पानं मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. जो चित्रकार राक्षसांची लढाई इतक्या सहज काढतो, ज्याने बॅटमॅन, ड्रॅक्युलापासून सगळं काढलंय, त्याला ती वाढवता येत नव्हती असं नाही. त्याला ती वाढवायची नव्हती.

का, याचं माझं उत्तर थोडं आडवळणाने देतो.

ही मालिका ज्या घराण्यातली आहे ते स्वस्त कागदावरच्या, म्हणजे ‘पल्प’ मासिकांचं. ‘वीअर्ड टेल्स’ १९२३ साली सुरू झालं, तिथल्या लव्हक्राफ्ट आणि रॉबर्ट हॉवर्डवर मिग्नोला पोसला आहे आणि ते तो लपवत नाही. या घराण्याची एक गंमत आहे. सुटी गोष्ट कशी संपवायची हे इथे सगळ्यांना येतं, शेवटच्या ओळीत दार उघडतं आणि वाचक दचकतो. मालिका कशी संपवायची हे मात्र कोणालाच येत नाही, कारण नायक पुढच्या महिन्यात परत यायचा असतो. आपल्याकडेही तेच. धारपांचे समर्थ अमानवी संकट परतवून लावतात आणि पुढच्या कथेत पुन्हा हजर. वाचकालाही तेच हवं असतं. या जातीच्या मालिका आपणहून संपत नाहीत, त्या बंद पडतात. मार्व्हलची ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ घ्या, १९७२ ते १९७९, सत्तर अंक, मार्व्ह वुल्फमनचं लेखन आणि जीन कोलनची चित्रं. भयकथांच्या कॉमिक्समध्ये त्या काळी इतकं सलग चांगलं काम दुसरं दाखवता येणार नाही. पण शेवटाला आणखी अंक हवे होते, ते मिळाले नाहीत आणि सगळा मजकूर सत्तराव्या जाड अंकात दाबून बसवावा लागला. वाचताना त्या पानांची धाप ऐकू येते.

भयकथेची आणखी एक अडचण असते ती प्रकाशाची. भीती अर्धवट दिसण्यात आहे. शेवटच्या खंडात राक्षस पूर्ण दाखवावा लागतो, त्याचे नियम सांगावे लागतात, आणि तो नियमाने हरला की भीती संपते, उरतं ते कोडं सुटल्याचं समाधान. ‘लॉक अँड की’ या भयकथा-कॉमिक्सचा शेवट मला याच कारणासाठी चांगला पण थोडा चोख वाटतो. सगळ्या किल्ल्या आपापल्या कुलपात बसतात. तुम्हाला ‘हेलबॉय’कडून तसा शेवट अपेक्षित होता असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं.

मिग्नोलाने वाट बदलली. या मालिकेचा दुसरा झरा लोककथेचा आहे. सुरुवातीपासून तो आयर्लंडची प्रेतकथा, रशियाची बाबा यागा, जपानची उडती मुंडकी, मलायातली पेनांगलान असं देशोदेशीचं सामान घेऊन त्यात हेलबॉयला सोडतो. नरकातही ते चालूच राहतं. पहिल्याच अंकात कठपुतळ्यांचा खेळ आहे, तोही डिकन्सच्या नाताळच्या गोष्टीचा, जिची सुरुवात मार्ली मेला होता या वाक्याने होते. नायक नुकताच मेलाय आणि त्याच्यासमोर हे वाक्य! पाचव्या अंकातली ‘थ्री गोल्ड व्हिप्स’ तर ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या, सैतानाशी करार करणाऱ्या तीन शिपायांच्या गोष्टीवरून घेतली आहे. तुम्ही ज्यांना ‘सुट्या सुट्या गोष्टी’ म्हणता त्या याच. पल्पमधला नायक जिंकतो किंवा पुढच्या अंकात परत येतो. लोककथेतला नायक काम झाल्यावर नुसता निघून जातो, कुठे गेला हे कोणी विचारत नाही. शेवटच्या खंडात मिग्नोलाने पल्पची देणी भरभर फेडून टाकली आणि नायकाला लोककथेच्या दाराने बाहेर काढलं. माझ्या मते पल्प मालिकेला खरा शेवट देण्याचा हाच एक मार्ग होता.

आता पानं उघडा.

पहिल्यांदा काळा रंग बघा. मिग्नोला रेघेने चित्र काढत नाही, काळ्या ठोकळ्यांनी काढतो. ‘सीड ऑफ डिस्ट्रक्शन’मध्ये अजून बारीक रेघा दिसतात, स्नायू, कापडाच्या चुण्या. पुढे प्रत्येक पुस्तकात तो काहीतरी काढून टाकत गेला. मध्ये २००७ ते २०११ मुख्य कथेची चित्रं डंकन फेग्रेडोने काढली, आणि ती उत्तमच होती, दाट, हालचालीने भरलेली, गर्दीच्या लढायांसाठी अगदी योग्य. डिसेंबर २०१२ मध्ये मिग्नोला स्वतः परतला तेव्हा तो फरक झटकन डोळ्यात भरला. चेहऱ्यावर दोन-तीन रेघा, डोळ्यांच्या जागी सावली, अख्खी इमारत म्हणजे एक काळी आकृती आणि तिच्यात दोन खिडक्या. शाई लावणारा माणूस म्हणून सांगतो, हे सोपं दिसतं पण सोपं नाही. रेघा भरपूर असल्या की एखादी चुकीची खपून जाते. पाचच आकार असले की प्रत्येकाची जागा अचूक लागते. नरकातल्या त्या जुनाट गावाची घरं बघा, वाकडी, टेकू दिलेली, ओळीने उभी. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा आकारही काढलेला आहे, उरलेला नाही. विद्यार्थ्यांना मी एखादं पान उलटं धरून बघायला सांगतो. कथा कळेनाशी होते आणि फक्त काळं-पांढरं दिसतं, मग लक्षात येतं की डोळा पानात कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो.

मग मधल्या छोट्या चौकटी. संभाषण चालू असतं आणि एकाएकी एक चिंचोळी चौकट येते: पुतळ्याचं तोंड, कवटी, वाळकं झाड, एखादा पक्षी. कथेशी संबंध शून्य. नवा वाचक त्या ओलांडून जातो. तबलजी मध्येच एक मात्रा मोकळी सोडतो तसं हे आहे, ती मात्रा मोजलेली असते. मासिक कॉमिक्सच्या अंकाला साधारण बावीस-चोवीस पानं मिळतात. त्यात ज्या चौकटीत काहीच घडत नाही ती देणं म्हणजे चैन आहे, कुठलाही संपादक आधी तिच्यावरच बोट ठेवेल. मिग्नोलाने पूर्वीच्या खंडांत ही चैन अधूनमधून केली. ‘द डेथ कार्ड’मध्ये ती वाढत वाढत जाते. काहीच न घडणाऱ्या चौकटी घटनांना हळूहळू बाजूला सारतात. आणि शेवटच्या पानांवर फक्त त्याच उरतात. हेलबॉय एकटा चालतो, एका ओसाड घराशी येतो, आत जातो, आत साध्या भौमितिक आकृत्या. संवादाचा फुगा नाही, निवेदनाची पट्टी नाही. वीस वर्षं जी मोकळी मात्रा कथेच्या अधेमधे येत होती तिच्यात नायक स्वतः शिरला, असं मी ती पानं वाचतो. त्या आकृत्यांचा अर्थ काय यावर लोक तावातावाने भांडतात. मला तो वाद पटत नाही. तुम्ही पुढची चौकट मागू नये इतकं समाधान त्या पानात आहे का, एवढं बघावं. मला ते वाटतं.

रंगाबद्दल दोन शब्द तरी हवेतच, नाहीतर डेव्ह स्ट्युअर्टवर अन्याय होईल. नरक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लाल-पिवळ्या ज्वाळा येतात. स्ट्युअर्टने नरक राखाडी, शेवाळी, मातकट केला आणि लाल रंग शक्यतो हेलबॉयसाठी राखून ठेवला. त्यामुळे कितीही लांबून, कितीही लहान आकारात तो पानावर सापडतोच. त्याच्याच ‘घरात’ तो परका आहे हे एकाही वाक्याशिवाय कळतं. रंग सपाट आहेत, छटांचा मुलामा नाही, कारण तसं केलं असतं तर खालचा काळा ठोकळा मऊ पडला असता. क्लेम रॉबिन्सची अक्षरंही बघून घ्या, फुगे किती छोटे आहेत आणि काळ्या जागेला न दुखावता कुठे बसवलेत ते. अक्षरं वाईट बसली की मिग्नोलाचं पान मोडतं, हे त्याच्या कामाच्या नकला करणाऱ्यांच्या पुस्तकांत हमखास दिसतं.

एवढी बाजू घेतल्यावर खंडाचे दोषही सांगतो, कारण तुमचा वैताग पूर्ण निराधार नाही.

दहा अंक यायला डिसेंबर २०१२ ते जून २०१६ इतका काळ लागला. पहिले चार ठरल्या वेळी आले, मग खंड पडत गेला. सुरुवातीला कल्पना अशी होती की हेलबॉय नरकात भटकत राहील आणि मिग्नोला मनाला येईल तितक्या गोष्टी काढत राहील. शेवट नंतर, चालता चालता सुचला आणि ठरला. त्याचे सांधे ‘द डेथ कार्ड’मध्ये दिसतात. ‘डेथ रायडिंग अॅन एलिफंट’ ही भटकंतीच्या मूळ कल्पनेतली गोष्ट आहे. ‘हाउंड्स ऑफ प्लूटो’मध्ये हेलबॉयला आजार जडतो आणि कथा एकदम शेवटाकडे वळते. या दोहोंमध्ये जो सांधा हवा होता तो नाही. अंक सुटे वाचणाऱ्यांना मध्ये महिनोन्‌महिने गेल्यामुळे तो जाणवला नसेल, सलग खंड वाचताना मात्र पाऊल अडखळतं. आणखी एक अंक मिळाला असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

दुसरा दोष भावनेचा. खात्यातल्या जुन्या साथीदारांपैकी एब सेपियन नाही, लिझ नाही, केट नाही. हेलबॉयने खातं सोडलं ते २००१ च्या ‘कॉन्करर वर्म’मध्येच, त्यामुळे कथेच्या हिशोबाने हे बरोबर आहे. पण ज्या माणसांमुळे आपण त्याच्यावर जीव लावला त्यांच्यापैकी कोणाशीही शेवटी निरोपाचा शब्द नाही. यावर मी समर्थन करणार नाही. एकटेपणा हाच विषय आहे हे मान्य, तरी एखादी आठवण, एखादं नाव, काहीतरी चाललं असतं.

आता ‘बी.पी.आर.डी.’. तुम्ही ज्या प्रलयाची वाट बघत होता तो तिथे आहे. हेलबॉयने जिथे नोकरी केली त्या खात्याची ही वेगळी मालिका. बेडकांच्या साथीपासून सुरू होते, ‘हेल ऑन अर्थ’मध्ये शहरंच्या शहरं उद्ध्वस्त होतात आणि ‘द डेव्हिल यू नो’ या पंधरा अंकांच्या शेवटच्या टप्प्यात, २०१७ ते २०१९, सगळं एकत्र येतं. त्यातल्या तिसऱ्या आणि शेवटच्या खंडाचं नावच ‘रॅग्ना रॉक’. नाझींच्या ज्या योजनेतून हेलबॉय पृथ्वीवर आला तिचंही तेच नाव होतं. लेखन मिग्नोला आणि स्कॉट अॅलीचं, बहुतेक चित्रं लॉरेन्स कॅम्पबेलची. तिथे हेलबॉय पृथ्वीवर परत येतो, ओग्द्रु जहादचा हिशोब होतो, दगडी हाताचं काय होतं ते कळतं, लिझ आणि एब दोघांच्या कथा पूर्ण होतात. म्हणजे मिग्नोलाने एक शेवट दोन पुस्तकांत वाटून टाकला: माणसाचा शेवट ‘द डेथ कार्ड’मध्ये, जगाचा शेवट ‘रॅग्ना रॉक’मध्ये.

इथे बरेच जण चिडतात की मग नरकातून परत आणलाच तर त्या मूक पानांना अर्थ काय राहिला. मला ही तक्रार समजते. कॅम्पबेल चांगला चित्रकार आहे, त्याच्या सावल्या जड, वास्तवाच्या जवळ जाणाऱ्या, आणि युद्धाच्या पानांना त्या शोभतात. तरी ‘रॅग्ना रॉक’ वाचताना कथानकाचे धागे गाठ मारून संपवण्याची लगबग जाणवते. प्रत्येकाला एकेक प्रसंग, प्रत्येक भविष्यवाणीला एकेक टिकमार्क. दोन्ही शेवट शेजारी ठेवले की तुम्हाला हवा होता तसा शेवट कसा दिसतो आणि त्याची किंमत काय, हे आपोआप समोर येतं. वाचू नका असं मात्र मुळीच म्हणणार नाही. ‘प्लेग ऑफ फ्रॉग्ज’मधली गाय डेव्हिसची चित्रं तर स्वतंत्रपणे बघण्यासारखी आहेत, सडलेलं मांस आणि चिखल इतका खरा वाटायला लावणारा हात विरळा.

क्रम असा ठेवा. ‘हेलबॉय’चे मोठे खंड तुमचे झालेच आहेत. ‘द डेथ कार्ड’ पुन्हा वाचण्याआधी ‘पॅनकेक्स’ आणि ‘वेक द डेव्हिल’ एकदा चाळून घ्या. मग ‘हेलबॉय इन हेल’चे दहाही अंक एका बैठकीत, मध्ये दुसरं काही न वाचता. २०१८ च्या ऑम्निबस (एकत्रित आवृत्ती) मालिकेतला चौथा खंड घेतलात तर दोन्ही भाग एकाच पुस्तकात मिळतात. त्यानंतर ‘कोश्चेई द डेथलेस’ वाचा. नरकातल्या एका दारूच्या गुत्त्यात रशियन लोककथेतला कोश्चेई आपली जन्मकथा हेलबॉयला सांगत बसतो, चित्रं बेन स्टेनबेकची, आणि नरकातल्या भटकंतीची जी आणखी एक गोष्ट हवी होती असं मी वर म्हटलं ती जवळजवळ तिथे मिळते. पुढचं ‘कोश्चेई इन हेल’ हेलबॉय निघून गेल्यानंतरच्या नरकात घडतं. ‘बी.पी.आर.डी.’ लांबलचक आहे, ते सावकाश, सुरुवातीपासून. थेट ‘रॅग्ना रॉक’वर उडी मारलीत तर निम्मी माणसं अनोळखी वाटतील.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जी खरं तर आधीच विचारायला हवी होती: तुम्ही हे मोबाइलवर, एकेक चौकट मोठी करून दाखवणाऱ्या सोयीत वाचलंत का? तसं असेल तर शेवटच्या पानांत काहीच दिसलं नाही यात नवल नाही. त्या सोयीत रिकामी चौकट म्हणजे फक्त एक रिकामा स्क्रीन, तिच्या शेजारची मोठी काळी जागा गायब, पानाचा तोल गायब. कागदावर मिळालं तर उत्तम, नाहीतर टॅबलेट आडवा धरून दोन पानं एकत्र दिसतील असं ठेवा. दहावा अंक तसा बघून झाला की मग कळवा, तरीही घाई वाटते का ते.